‘अचानक’ या शब्दाची चौकशी

डोंगरातल्या माझ्या एका भटकंतीवरच्या लेखाचा पहिला खर्डा मी धाकट्या भावाला वाचायला दिला. त्याने सगळा वाचला, एकाच शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, “ताई, अचानक म्हणजे किती वाजता?”

वाक्य असं होतं : ‘अचानक धुकं उतरलं आणि वाट हरवली.’ सहा शब्द. मला ते आवडलं होतं. सकाळी टेबलाशी बसून तीनदा मोठ्याने वाचूनही पाहिलं होतं, कुठेही अडखळत नव्हतं. पण त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि तो प्रश्न साहित्यातला नव्हताच. त्या दिवशी दुपारी तीनपासून तो फोन हातात धरून बसला होता. कोणत्या मिनिटाला काय झालं हे विचारायचा त्याला पूर्ण हक्क होता.

मग मी जे जे हाताशी होतं ते बाहेर काढलं. फोनने नोंदवलेला माझ्या चालण्याचा माग, त्या दिवशीचे फोटो, खिशातली छोटी वही, आणि भावाच्या फोनमधल्या कॉलच्या वेळा. हे सगळं खर्ड्याशेजारी ठेवून एकेक वाक्य तपासलं. दोन संध्याकाळी गेल्या. त्यात जे सापडलं ते इथे लिहिते आहे. स्वतःच्या भटकंतीवर लिहिणाऱ्या आणखी कुणाला त्याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

आधीचं थोडं

माझा दिवस साडेपाचला सुरू होतो. साडेपाच ते साडेसात लिहिणं, त्यानंतर नोकरी, घर, बाकी सगळं. त्या दोन तासांत कधी पानभर होतं, कधी आदल्या दिवशीचं पानभर खोडून होतं. तेव्हा कादंबरीचा शेवट चार महिने अडलेला होता. नायिकेला मी एका दारापाशी आणून उभी केली होती आणि ती आतही जात नव्हती, परतही फिरत नव्हती. मी रोज सकाळी तिच्यासमोर बसायचे आणि साडेसातला उठायचे.

महिन्यातून एखादा दिवस मी डोंगरात जाते, बहुतेक वेळा एकटी. चालताना डोक्यातली वाक्यं सुटी होतात हा माझा जुना अनुभव. म्हणूनच फोन पिशवीच्या तळाशी ठेवायचा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. माग नोंदवणं चालू करायचं आणि तो पाहायचा नाही. उपग्रहांवरून जागा कळण्यासाठी फोनला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे नोंद आपोआप होत राहते.

त्या दिवशीचं गणित साधं होतं. चढ ५ किलोमीटरचा आणि ७५० मीटर उंचीचा. वर पोचल्यावर ३ किलोमीटरची धार, म्हणजे डोंगराचा लांब, अरुंद माथा, आणि त्याच वाटेने परत. चढाच्या वेळेचा अंदाज बांधण्याचा एक जुना ठोकताळा आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो १८९२ मध्ये मांडला. ढोबळमानाने दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्या हिशेबाने चढाला सव्वादोन तास होत होते. मला अडीच लागले. ७:१० ला निघाले, ९:४० ला धारेवर होते. धारेच्या टोकाला ११ वाजता पाठ फिरवायची, अडीचपर्यंत खाली उतरायचं आणि तीनच्या आत भावाला निरोप धाडायचा, असं ठरलं होतं. ठरवण्यात काही चूक नव्हती. हे आवर्जून सांगते, कारण लेखात मी बेत न आखता, मनाच्या ओढीने निघाल्यासारखं लिहिलं होतं.

११ ते १२:३१

१०:४५ ला मी टोकाला पोचले. ऊन होतं. कातळावर बसले आणि वही उघडली.

१०:५८ चा फोटो : समोरची, दरीपलीकडची धार लख्ख. तिच्यावरचं एकेक झाड मोजता यावं इतकी.

११ वाजता परत फिरायचं होतं. फिरले नाही.

११:२० ची नोंद वहीत आहे. ती वाचली आणि मी बराच वेळ पान उलटू शकले नाही. माझ्याच अक्षरात, नीट, न खोडता लिहिलं होतं : ‘पलीकडच्या धारेने खांद्यावर पांढरी शाल घेतली आहे. तिला कुठेही जायची घाई नाही.’

म्हणजे मी ते पाहिलं होतं. धुकं येत असल्याची पहिली खूण माझ्या डोळ्यांसमोर होती, मी ती टिपली होती, तारीखवार कागदावर उतरवली होती. फक्त ती खूण म्हणून न पाहता उपमा म्हणून पाहिली. शाल. घाई नाही. वाक्य सुंदर झालं आणि त्या सुंदरपणातच त्यातली बातमी बुडाली.

११:३१ चा फोटो : समोरच्या धारेचा माथा नाही. कड सरळ पुसल्यासारखी.

११:५२ चा फोटो उघड्या वहीचा आहे. कातळावर वही, तिच्यावर आडवं पेन. असे फोटो मी नेहमी काढते. या फोटोत वहीच्या मागे दरी आहे आणि अर्धी दरी पांढरी आहे. मी वहीवर नजर स्थिर केली होती, मागचं सगळं धूसर होतं, आणि फोटो काढताना तो धूसरपणा मला छान वाटला होता.

१२:०५ ला निघाले.

डोंगरातलं धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढगच. वारा दमट हवेला उतारावरून वर ढकलतो. वर जाताना ती थंड होत जाते. वातावरणात उंचीबरोबर तापमान सरासरी दर १००० मीटरला साडेसहा अंशांनी उतरतं. ठरावीक गारव्याला पोचली की हवेतल्या बाफेचे थेंब होतात आणि ढग तिथल्या तिथे तयार होतो. वाऱ्याच्या बाजूच्या धारेवर आधी, मग तिच्या पुढच्या धारेवर. तो प्रत्येक वेळी इतका सावकाश असेलच असं नाही, कधी पाच-दहा मिनिटांतही सगळं झाकून टाकतो. पण त्या दिवशी तो सावकाश होता. ११:२० ते १२:०५, पंचेचाळीस मिनिटं तो मला समोरून दिसत होता. ‘अचानक’ हा शब्द खोटा होता. ढगाने काहीही अचानक केलं नव्हतं. मी वर पाहिलं, तेवढंच काय ते अचानक घडलं.

आता वाक्याचा दुसरा अर्धा भाग. ‘वाट हरवली.’

टोकापासून १४०० मीटरवर धारेला फाटा फुटतो. परतताना उजवीकडची वाट मुख्य धारेवरून जाते, डावीकडे एक सोंड खाली उतरते. फाट्यावर उभी भेग असलेला मोठा कातळ आहे. जाताना १०:१२ ला मी त्याचा फोटो काढला होता, परतीची खूण म्हणून. तेव्हा फाटा मला माहीत होता. परतताना १२:३१ ला मी त्या कातळाशेजारून गेले आणि डावीकडे उतरले. नकाशावरचा माग मोठा करून पाहिला. तिथे थांबल्याचं चिन्ह नाही. वेग तोच. चुकणारा माणूस फाट्यावर जरा घोटाळतो, एक-दोन पावलं इकडे-तिकडे टाकतो. माझी रेघ सरळ आहे.

१२:४० ची नोंद सगळा उलगडा करते. उभ्याने, चालता चालता लिहिलेली, अक्षर तिरकं. ती कादंबरीतली ओळ आहे : ‘तिने दार ढकललं नाही, दाराला फक्त हात लावला.’ १२:३१ ला मी कुठे होते ते या ओळीत आहे. मी त्या दारापाशी होते. धुकं त्या क्षणी दाट होतं हे खरं, पण शेजारचा कातळ दिसत नसेल इतकं नव्हतं. तो मला हात लांब करून लागला असता.

मराठीत आपण ‘वाट हरवली’ म्हणतो आणि ‘मी वाट चुकले’ असंही म्हणतो. दोन्ही रोजच्या बोलण्यातलं. पहिल्यात वाट स्वतःहून नाहीशी होते, माणूस बिचारा उभाच असतो. दुसऱ्यात चुकणारं कुणीतरी असतं. मी पहिलं निवडलं आणि निवडते आहे हेही मला जाणवलं नाही. लय चांगली होती म्हणून घेतलं, असंच मी त्या दिवशी सांगितलं असतं.

सोंडेवर

इथून पुढचं भराभर सांगते, कारण त्यात शहाणपणा कमी आणि धडपड जास्त आहे.

१:१० ला पायाखाली घसारा लागला. सुटे, सरकणारे दगड. जाताना असा घसारा कुठेच लागला नव्हता, म्हणून पहिल्यांदा थांबले. फोन काढला. ठिपका धारेच्या बाहेर, सोंडेवर, फाट्यापासून ११०० मीटर लांब आणि १४० मीटर खाली. आल्या वाटेने वर चढायचं हे उघड होतं. मला ते जिवावर आलं. आडवं कापत गेलं तर मुख्य धार लागेल असं वाटलं आणि फोन पुन्हा पिशवीत गेला.

चाळीस मिनिटं चालले. सतत उजवीकडे वर सरकते आहे याची मला खात्री होती. शपथेवर सांगितलं असतं. १:५० ला पुन्हा तोच घसारा आला, माझ्याच बुटाने उलटलेला ओला दगड तिथे पडलेला होता. मागावर ते जवळजवळ पूर्ण वर्तुळ आहे : चाल ६०० मीटर, आणि निघाल्या जागेपासून अंतर अवघं ३० मीटर. चकवा म्हणतात तो हाच. लेखात मी तो शब्दही वापरला होता. यामागचं कारण मात्र मला नंतर वाचून कळलं. जर्मनीतल्या एका संशोधन संस्थेत यान साउमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला लावलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. तो झाकला गेला की आपण सरळच जातोय असं समजत वर्तुळात फिरले. २००९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिशेची खात्री आणि दिशा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या ओल्या दगडाने आधीच दाखवलं होतं.

मग मी बसले. कोरडा स्वेटर आत, रेनकोट वर, पिशवी खाली टाकून तिच्यावर. १:५० ते २:४५.

या पंचावन्न मिनिटांवर लेखात एक परिच्छेद होता. त्याचा शेवट असा : ‘त्या पांढऱ्या शांततेत माझ्या कादंबरीचा शेवट माझ्याशेजारी येऊन बसला.’ ज्या दोघातिघांनी खर्डा वाचला त्यांना तोच परिच्छेद सगळ्यात आवडला.

त्याच पंचावन्न मिनिटांत वहीत लिहिलेलं हे, जसंच्या तसं :

‘डावा मोजा ओला. उजवा नाही. का?’
‘शिट्टी ६. थांबले. परत ६. कुणी नाही.’
‘दात वाजतायत. बोटं हलव.’
‘घरी कळवायचं होतं ३ ला.’
‘उजवा पण ओला.’

(शिट्टीचे सहा आवाज एका मिनिटात, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. ही डोंगरात मदत मागण्याची खूण आहे. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन आवाज देऊन उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही.)

कादंबरीचं नावही नाही त्यात. शेवट माझ्याशेजारी येऊन बसला नव्हता. तो कधी सुचला तेही शोधलं. घरच्या रोजनिशीत आहे : अकरा दिवसांनी, एका मंगळवारी, लिहायला बसले तेव्हा काहीच झालं नाही म्हणून उठून दोरीवर कपडे वाळत घालत होते तेव्हा. ओला मोजा हातात घेतला आणि नायिका दारातून मागे फिरली. कदाचित मोज्याचा आणि त्या दुपारचा काही संबंध असेल, मी तो नाकारत नाही. पण धुक्यात काही सुचलं नव्हतं. धुक्यात थंडी वाजत होती.

२:४५ च्या सुमाराला ढग विरळ झाला, चाळीस-पन्नास पावलांपुढचं दिसायला लागलं. या वेळी फोन हातात ठेवून, स्वतःच्याच रेघेवरून वर चढले. ३:२० ला भेगेचा कातळ. ५:३५ ला पायथा. ५:४१ ला भावाला निरोप गेला : ‘खाली आले. ठीक.’

त्याच्या फोनमध्ये ३:०५ पासून ५:३२ पर्यंत मला केलेले सतरा कॉल आहेत. खर्ड्यात तो कुठेच नव्हता. एकटी बाई, डोंगर आणि धुकं, एवढंच होतं. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून मी त्याला काढून टाकलं असावं. नक्की आठवत नाही, आणि न आठवणं हाच तर सगळा मुद्दा आहे.

खोटं कसं तयार झालं

मी मुद्दाम काही बनवलं नव्हतं. लेख लिहिला सहा आठवड्यांनी, वही न उघडता. आठवणीतून लिहिलेलं अधिक जिवंत उतरतं अशी माझी समजूत होती. मधल्या काळात ही गोष्ट मी निदान दहा जणांना सांगितली होती आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून ती थोडी घासली गेली. पंचेचाळीस मिनिटं हळूहळू चढणाऱ्या ढगाला कुणी श्वास रोखत नाही. ‘अचानक’ म्हटलं की रोखतात.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत उद्ध्वस्त झालं. मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी दुसऱ्याच सकाळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी त्यांना कुठे, कुणाकडून, काय करत असताना कळली. काही वर्षांनी त्यांनी आणि निकोल हार्श यांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांची सगळी उत्तरं चुकली, आणि चुकलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आपल्या आठवणीची पुरेपूर खात्री होती. हे वाचताना मला माझा परिच्छेद आठवला. वही सापडली नसती तर ‘शेवट शेजारी येऊन बसला’ हे मी आयुष्यभर खरं मानलं असतं, मुलाखतीतही सांगितलं असतं.

चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात आपली एक सवय सांगितली आहे. आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी कुठलीही गोष्ट दिसली की ते ती ताबडतोब टिपून ठेवत. कारण अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. मला वाटतं, स्वानुभव लिहिणाऱ्याला याहून उपयोगी सल्ला मिळणार नाही. ओला मोजा माझ्या गोष्टीच्या विरुद्ध जाणारा होता, म्हणूनच तो डोक्यातून आधी गेला.

लिहिणाऱ्या एका मैत्रिणीशी यावर माझा वाद झाला. तिचं म्हणणं, ललित लेख म्हणजे पंचनामा नव्हे, अनुभवाचं सत्य वेगळं असतं. कादंबरीपुरतं मी ते मान्य करते. तिथे धुकं मला हवं तेव्हा उतरेल. पण लेखात ‘मी’ आहे, डोंगर खरा आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी उद्या अशा एखाद्या धारेवर एकटं बसणार आहे. धुकं नेहमी अचानक उतरतं असं वाचून तो काय शिकेल? काही नाही, फार तर नशिबाला घाबरेल. समोरची धार पुसली जायला लागली तर उठायचं, हे मात्र त्याच्या कामाचं आहे. त्याची आणि माझी गाठ या एवढ्याच जागी पडते आणि तिथे मला त्याला फसवायचं नाही.

पुन्हा लिहिताना

सहा शब्दांच्या जागी आता हे आहे :

‘अकरा वीसला पलीकडच्या धारेने खांद्यावर पांढरी शाल घेतली. मी तसं लिहून ठेवलं. अकरा एकतीसला तिचा माथा गेला, मी फोटो काढला. बारा पाचला उठले तेव्हा माझ्या धारेवरही गारवा आला होता. फाट्यावरचा कातळ माझ्या डाव्या हाताला होता आणि मी एका दाराचा विचार करत होते. मी वाट चुकले.’

शालीची उपमा काढली नाही. तिच्याशेजारी वेळ लिहिली, तेवढ्याने ती बदलली. आता वाचणाऱ्याला ढग दिसतो आणि वहीत डोकं घातलेल्या बाईला दिसत नाही. पहिल्या खर्ड्यात भीती मी शब्दांनी आणली होती, आता ती या अंतरात आहे. लेख लांबला, पंचावन्न मिनिटांचा परिच्छेद मात्र निम्मा झाला. त्यात आता दोन मोजे आहेत, शिट्टी आहे आणि तीन वाजता घरी कळवायचं राहिल्याची नोंद आहे. सतरा कॉलही आले. भावाने नवा खर्डा वाचला. या वेळी पेन्सिल उचलली नाही. “ही तू आहेस,” एवढंच म्हणाला.

नोंदींची पद्धतही थोडी बदलली. प्रत्येक ओळीआधी वेळ लिहिते. लिहून झालं की पुढची ओळ सुचत असली तरी मान वर करून चारी बाजूंना एकदा पाहते, मगच पुढची ओळ. सुरुवातीला वाक्यं तुटायची. एखादं खरंच निसटलंही, ते अजून आठवतंय. फोन आता पट्ट्याच्या खिशात असतो, आणि फाटा आला की तो काढून पाहायचा, वाट पाठ असली तरी.

तीन महिन्यांनी भावाला घेऊन मी त्याच धारेवर गेले. जाताना भेगेच्या कातळापाशी तो थांबला, डावीकडच्या सोंडेकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. “इथून?” मी हो म्हटलं. त्याने भेगेत बोटं घातली, जणू तिची रुंदी लक्षात ठेवायची होती. मग म्हणाला, “चल ताई, टोक दाखव.”

टोकाला पोचून कातळावर बसलो. मी वही काढली. त्या दिवशीचं पान तसंच आहे, पुढच्या कोऱ्या पानावर दोन नोंदी आहेत :

‘१०:५०. समोरची धार स्वच्छ. भाऊ बुटातला खडा काढतोय.’
‘११:०४. समोरच्या धारेवर ढग टेकला. निघालो.’